परीक्षकाच्या जिभेवर विश्वास का ठेवायचा?

आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की या व्यासपीठावर हे स्वयंपाकघर कुठून आलं? टीव्हीवरचे पाककलेचे कार्यक्रम म्हणजे करमणूक. घटकाभर बघावं, तोंडाला पाणी सुटलं की उठून काहीतरी खावं, आणि विसरून जावं. पण आज आपण पदार्थांबद्दल फारसं बोलणार नाही. त्या पदार्थांना मार्क देणारी जी दोन-तीन माणसं समोर बसलेली असतात, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यांची ओळख करून देताना जे सांगितलं जातं त्याचा अर्थ काय असतो, ते खरं आहे की नाही हे कोण बघतं, आणि ते खोटं निघालं तर नेमकं कुणाचं काय बिघडतं, असे तीन प्रश्न आपल्यापुढे आहेत.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करू. टीव्हीवर गाण्याची स्पर्धा चालू असते तेव्हा गाणं आपल्यालाही ऐकू येतं. परीक्षकाने बेसूर गाण्याला नऊ मार्क दिले, तर आपण घरबसल्या म्हणतो, ‘अहो, कान आहेत की नाहीत?’ नाचाची स्पर्धा असेल तर पाय चुकलेला आपल्यालाही दिसतो. पाककलेच्या स्पर्धेत मात्र मुख्य गोष्टच पडद्यातून बाहेर येत नाही. रंग दिसतो, वाफ दिसते, फोडणीचा आवाज ऐकू येतो. चव आणि वास येत नाही. मीठ जास्त झालंय की कमी, मासा आतून कच्चा राहिलाय की नाही, हे आपल्याला फक्त परीक्षकाच्या सांगण्यावरून कळतं.

म्हणजे हा माणूस न्यायाधीश तर आहेच, पण आपल्या वतीने चव घेणारा एकुलता एक साक्षीदारही तोच आहे. साक्षीदाराची साक्ष आपण कशावर तोलतो? तो कोण आहे, त्याला त्यातलं कळतं का, आणि याआधी तो खरं बोलला आहे का, यावर. म्हणून पाककलेच्या परीक्षकाची ओळख ही नुसती शोभेची कोथिंबीर नसते. त्याच्या निकालावर आपण का विश्वास ठेवावा याचं सगळं कारण त्या ओळखीत असतं.

पणाला काय लागलेलं असतं?

कुणी म्हणेल, ठेवला विश्वास चुकून, तर काय बिघडलं? आपलं नाही फारसं बिघडत. समोर ताट घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं बिघडतं. ‘मास्टरशेफ इंडिया’चा पहिला हंगाम २०१० साली झाला. त्याच्या विजेत्या पंकज भदौरिया लखनौच्या शिक्षिका. सोळा वर्षांची नोकरी सोडून त्या स्पर्धेत उतरल्या होत्या. त्या जिंकल्या म्हणून आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे. अशाच हिंमतीने घरचं, नोकरीचं गणित बाजूला ठेवून येणारी आणि तिसऱ्या-चौथ्या भागात परत जाणारी माणसं प्रत्येक हंगामात असतात. ‘तुझ्या हाताला चव नाही’ हे वाक्य त्यांना लाखो लोकांसमोर ऐकून घ्यावं लागतं. ते वाक्य बोलणाऱ्याला बोलण्याचा अधिकार कुठून आला, हे विचारायचा हक्क त्यांना आहे की नाही?

यात एक गंमतही आहे. मास्टरशेफसारखे कार्यक्रम हौशी लोकांसाठी असतात. ऑस्ट्रेलियातल्या मास्टरशेफचा नियम असा, की व्यावसायिक स्वयंपाकघरात अन्न शिजवणं हे ज्याच्या कमाईचं मुख्य साधन आहे, त्याला भाग घेता येत नाही. म्हणजे आपण व्यावसायिक नाही हे स्पर्धकाला दाखवून द्यावं लागतं. परीक्षक मात्र व्यावसायिक आहे, हे आपण निवेदकाच्या आवाजावरून मानून चालतो.

‘शेफ’ म्हणजे नक्की कोण?

आता ओळखीत येणारे शब्द एकेक करून बघू. सगळ्यात आधी ‘शेफ’. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ प्रमुख. ‘शेफ द क्विझीन’ म्हणजे स्वयंपाकघराचा प्रमुख. त्याच्या हाताखाली सू-शेफ, त्याच्या खाली एकेका विभागाचे शेफ द पार्टी, अशी मोठ्या हॉटेलांतली उतरंड असते. ऑग्युस्त एस्कॉफिए या फ्रेंच शेफने ती नीट बसवली. तेव्हा शेफ हे मुळात पद आहे. ज्याच्या हाताखाली स्वयंपाकघर चालतं तो शेफ. ती पदवी नाही, आणि चांगला स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येकाचं विशेषणही नाही. आपल्याकडे आचारी, महाराज, बल्लवाचार्य, सुगरण असे वेगवेगळ्या कामांचे वेगवेगळे शब्द आहेत. हल्ली त्या सगळ्यांवर ‘शेफ’ ही एकच पाटी लागते.

ती कुणीही लावू शकतो, हा खरा मुद्दा आहे. डॉक्टर म्हणवून रुग्ण तपासायचे असतील तर वैद्यक परिषदेकडे नोंदणी लागते. वास्तुविशारद ही उपाधी लावायला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. चार्टर्ड अकाउंटंटसाठी १९४९ चा कायदा आहे. ‘शेफ’ या शब्दाभोवती आपल्याकडे असं कुंपण नाही. उद्या आपल्यापैकी कुणी दाराबाहेर ‘शेफ’ म्हणून पाटी लावली, तर कुठलंही मंडळ विचारायला येणार नाही.

सगळीकडे असंच आहे असं समजू नका. फ्रान्समध्ये ‘मेय्यर उव्रिए द फ्रान्स’ नावाचा सन्मान आहे. देशातला उत्तम कारागीर, असा त्याचा अर्थ. १९२४ पासून ही परंपरा चालू आहे. यात स्वयंपाकी, मिठाईवाले, पाववाले असे अनेक कारागीर कठीण परीक्षा देतात. उत्तीर्ण झालेल्यांना कोटाच्या कॉलरवर निळा-पांढरा-लाल पट्टा लावता येतो. तो पट्टा हक्क नसताना लावणं हा तिथे गुन्हा आहे. तसंच १९९८ च्या कायद्यानुसार, जिथे पीठ मळून पाव तिथेच भाजला जातो, त्याच दुकानाला ‘बूलांजरी’ अशी पाटी लावता येते. एका शब्दाची किंमत राखायची ठरवली तर ती राखता येते, हे यातून दिसतं.

ओळखीतले फुगणारे शब्द

आता शिक्षण. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी आपल्या ओळखीची. मुंबईत दादरला १९५४ पासून संस्था आहे, जुने लोक तिला अजून ‘दादर केटरिंग’ म्हणतात. सरकारी संस्थांतून हे शिक्षण उत्तम मिळतं. पण या अभ्यासक्रमात अन्न शिजवणं हा एक विभाग असतो. वाढण्याची सेवा, स्वागतकक्ष आणि खोल्यांची व्यवस्था हे बाकीचे. एखाद्याने ही पदवी घेऊन पंधरा वर्षं स्वागतकक्ष सांभाळला असेल, तर तो हॉटेलचा जाणकार झाला. रश्शाचा जाणकार झालाच असं नाही. त्यामुळे ‘हॉटेल मॅनेजमेंट केलेलं आहे’ एवढ्याने उत्तर पूर्ण होत नाही.

दुसरं उदाहरण पॅरिसच्या ‘ल कॉर्डाँ ब्ल्यू’ या नावाजलेल्या पाकशाळेचं. तिथे नऊ महिन्यांच्या आसपास चालणारा मोठा डिप्लोमा आहे, आणि काही तासांच्या हौशी कार्यशाळाही आहेत. दोन्हीकडून बाहेर पडलेला माणूस ‘मी कॉर्डाँ ब्ल्यूमध्ये शिकलो’ असं म्हणू शकतो. शब्द खोटा नाही, पण ऐकणाऱ्याच्या मनात जे चित्र उभं राहतं ते एकाच्या बाबतीत खरं आणि दुसऱ्याच्या बाबतीत पोकळ असतं.

तिसरं, कामाचा अनुभव. प्रसिद्ध रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात थोडे दिवस, बहुतेक वेळा बिनपगारी, शिकायला राहण्याची युरोपात जुनी पद्धत आहे. तिला ‘स्ताज’ म्हणतात. आपल्याकडेही शिकताना मोठ्या हॉटेलात काही महिने ट्रेनिंग करावं लागतं. त्यात शिकायला मिळतं, यात शंका नाही. पण चार आठवडे भाज्या सोलून निवडून देणं आणि चार वर्षं तिथली एक शेगडी सांभाळणं या दोन्हीसाठी ओळखीत एकच वाक्य येतं, ‘यांनी अमुक ठिकाणी काम केलं आहे’.

चौथा शब्द सगळ्यात झगझगीत, ‘मिशेलिन स्टार’. हा तारा रेस्टॉरंटला मिळतो, माणसाला नाही. शेफ ते रेस्टॉरंट सोडून गेला तर तारा त्याच्या सामानात बांधून जात नाही. शिवाय २०२४ अखेरपर्यंत तरी भारतातल्या कुठल्याही शहरासाठी मिशेलिन गाईड निघालेलं नव्हतं. तेव्हा आपल्याकडच्या शेफच्या नावापुढे हा तारा दिसला, की पुढचा प्रश्न विचारायचा, कुठल्या शहरातलं, कुठलं रेस्टॉरंट, कुठलं वर्ष? ज्यांचं खरं आहे त्यांच्याकडे याचं सरळ उत्तर असतं. विकास खन्ना यांच्या न्यूयॉर्कमधल्या ‘जुनून’ला २०११ साली तारा मिळाला. गरिमा अरोरा यांच्या बँकॉकमधल्या ‘गा’ला २०१८ साली मिळाला, आणि असा मान मिळवणाऱ्या रेस्टॉरंटच्या त्या पहिल्या भारतीय महिला शेफ ठरल्या. हे दोघंही पुढे मास्टरशेफ इंडियाचे परीक्षक झाले. शहर, रेस्टॉरंट, वर्ष, तिन्ही सांगता येतात. खऱ्या पात्रतेला पत्ता असतो.

एक खरी घटना

आता अशी एक घटना बघू, जिथे पत्ता विचारला गेला आणि सापडला नाही. अमेरिकेच्या ‘फूड नेटवर्क’ या वाहिनीवर २००७ साली ‘डिनर: इम्पॉसिबल’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा नायक रॉबर्ट अर्व्हाइन, मूळचा इंग्लंडचा. अवघड जागी, थोड्या वेळात, मोठ्या जमावासाठी स्वयंपाक करून दाखवायचा, असा तो कार्यक्रम. अर्व्हाइन तिथे परीक्षक नव्हता, पण आपला प्रश्न तोच आहे. पडद्यावरच्या माणसाचा अधिकार त्याच्या सांगितलेल्या पूर्वायुष्यावर उभा होता.

आणि काय काय सांगितलं होतं! चार्ल्स आणि डायना यांच्या लग्नाच्या केकमध्ये आपला हात होता. व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांसाठी आपण स्वयंपाक केला. लीड्स विद्यापीठाची अन्न आणि पोषण या विषयाची पदवी आपल्याकडे आहे. ब्रिटनच्या राणीने आपल्याला ‘सर’ केलं, वर एक किल्लाही दिला.

अर्व्हाइन फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग शहरात दोन रेस्टॉरंट काढणार होता. त्या शहराच्या दैनिकाने, ‘सेंट पीटर्सबर्ग टाइम्स’ने, हे दावे तपासायला घेतले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये लेख छापला. तपासण्याची पद्धत काही गुप्तहेरांची नव्हती. ज्या-ज्या ठिकाणाचं नाव घेतलं होतं, तिथे विचारलं. लीड्स विद्यापीठाच्या नोंदींत त्याचा काही संबंध सापडला नाही. राजवाड्याने सांगितलं, असा कुणी ‘सर’ नाही आणि किल्लाही दिलेला नाही.

केकचं तर नुसत्या गणिताने उलगडतं. ते लग्न झालं २९ जुलै १९८१ ला. अर्व्हाइनचा जन्म सप्टेंबर १९६५ चा. म्हणजे तेव्हा त्याला सोळावंही पूर्ण नव्हतं. पंधराव्या वर्षी तो ब्रिटिश नौदलात भरती झाला होता. तो पाच फूट उंच केक चॅथमच्या नौदल पाकशाळेत डेव्हिड एव्हरी या मुख्य बेकरच्या हाताखाली झाला. नंतर अर्व्हाइनचंच म्हणणं असं पडलं, की केक होत होता तेव्हा आपण त्या शाळेत होतो आणि फळं निवडण्यासारखं काम केलं होतं. फळं निवडणं वाईट नाही, कुणीतरी ती निवडावीच लागतात. पण फळं निवडणारा पोरगा काही वर्षांत केक करणारा कसा झाला, ते बघा. मध्ये कुठेतरी एकदम मोठी उडी मारली असेल असं नाही. प्रत्येक वेळी सांगताना गोष्ट बोटभर पुढे सरकते.

शेवटी त्याने कबूल केलं, की व्हाइट हाउस आणि राजघराण्याबद्दलच्या अनुभवांत आपण अतिशयोक्ती केली, ते चूक होतं. वाहिनीने त्याचा करार पुढे वाढवला नाही, आणि त्याच्या जागी मायकेल सायमन हा शेफ आला. पण त्याच वर्षाच्या अखेरीला वाहिनीने त्याला परत बोलावलं. २०११ पासून त्याचा ‘रेस्टॉरंट: इम्पॉसिबल’ हा कार्यक्रमही चालला.

यातून काय शिकायचं?

कुणी म्हणेल, बघा, खोटं बोलून काही बिघडलं नाही, परत काम मिळालंच की! आम्हाला यात वेगळी गोष्ट दिसते. हा माणूस नौदलात स्वयंपाक शिकला होता, हे खरं होतं. जहाजावर शेकडो तोंडं, मोजका शिधा, ठरलेल्या वेळेला जेवण, आणि समुद्र काही थांबत नाही. थोड्या वेळात जमावासाठी स्वयंपाक करून दाखवायच्या कार्यक्रमाला याच्याहून नेमकी पात्रता कुठली? ती त्याच्याकडे होती, आणि ती कॅमेऱ्यासमोर दिसत होती. पण नौदलातला आचारी ही ओळख त्याला आणि ओळख करून देणाऱ्यांना पुरेशी वाटली नाही. त्यावर राजवाड्याचा वर्ख लावावासा वाटला. खोटं उघड झाल्यावर आधी पडलं ते त्या खऱ्यावरचं लोकांचं लक्ष. पदवी खोटी असेल तर मग नौदल तरी खरं का, असं लोक विचारू लागतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. खोटी पात्रता सगळ्यात आधी शेजारच्या खऱ्या पात्रतेला खाते.

दुसरी गोष्ट वाहिनीची. त्याच फूड नेटवर्कवर नवा सूत्रधार शोधणारी एक स्पर्धा चालायची. २००७ च्या हंगामात अंतिम फेरीपर्यंत पोहोचलेल्या एका स्पर्धकाचे दोन दावे खोटे निघाले, पाकशाळेतून उत्तीर्ण झाल्याचा आणि अफगाणिस्तानात लष्करी सेवा केल्याचा. त्याला माघार घ्यावी लागली. म्हणजे अर्व्हाइनचं प्रकरण बाहेर येण्याच्या आदल्याच वर्षी घरात धोक्याची घंटा वाजून गेली होती. तरीही आपल्या यशस्वी चेहऱ्याचे दावे वाहिनीच्या आधी एका शहराच्या दैनिकाने तपासले. जो आधीच पडद्यावर आहे त्याला कागद मागायला आपण लाजतो. ही लाज फक्त अमेरिकेत नाही.

हे खोटं टिकतं कसं, तेही समजून घेऊ. माणूस स्वतःबद्दल एक परिच्छेद लिहून देतो. प्रसिद्धीचं काम बघणारा त्यात दोन विशेषणं घालतो. वाहिनी तो संकेतस्थळावर टाकते. वर्तमानपत्र तिथून उचलतं. पुढच्या कार्यक्रमाचा निवेदक वर्तमानपत्रातून वाचून दाखवतो. आता पाच ठिकाणी एकच माहिती आली, म्हणून ती खरी वाटते. प्रत्यक्षात ती एकाच तोंडातून निघाली आहे, आणि मूळ कागद पाचांपैकी एकानेही बघितलेला नाही.

पदवी नसली तरी चालतं, लपवलेलं चालत नाही

मग परीक्षकाकडे पदवी असलीच पाहिजे का? अजिबात नाही. मॅट प्रेस्टन हे मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाचे २००९ ते २०१९ इतका काळ परीक्षक होते. ते शेफ नव्हेत, खाद्यपदार्थांवर लिहिणारे पत्रकार आणि समीक्षक. त्यांची ओळख तशीच करून दिली जायची. शेजारी दोन शेफ बसायचे, आणि ते समीक्षक म्हणून बोलायचे. आपल्या मास्टरशेफच्या पहिल्या हंगामात अक्षय कुमार होता, तो नट म्हणूनच. सोबत कुणाल कपूर आणि अजय चोप्रा हे व्यावसायिक शेफ होते. नट खुर्चीवर बसला म्हणून कुणाची फसवणूक झाली नाही, कारण तो नट आहे हे लहान पोरालाही माहीत होतं.

ज्युलिया चाइल्ड यांचं उदाहरण तर फार बोलकं आहे. १९६३ पासून बॉस्टनहून ‘द फ्रेंच शेफ’ हा त्यांचा कार्यक्रम दाखवला जाऊ लागला. बाई फ्रेंचही नव्हत्या आणि कुठल्या हॉटेलात शेफही नव्हत्या. पॅरिसच्या त्याच ल कॉर्डाँ ब्ल्यूमध्ये शिकल्या, पहिल्या खेपेला परीक्षेत नापास झाल्या, १९५१ मध्ये डिप्लोमा मिळवला. कॅमेऱ्यासमोर बटाट्याचं धिरडं उलटताना अर्धं शेगडीवर सांडलं, तर त्यांनी ते उचलून परत तव्यात घातलं आणि पुढे बोलत राहिल्या. लोकांचा विश्वास त्यामुळे कमी झाला नाही.

आणि आपल्या कमलाबाई ओगले? १९७० मध्ये ‘रुचिरा’ आलं. कमलाबाईंकडे हॉटेल मॅनेजमेंटची पदवी नव्हती, आणि ती असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. त्यांनी दिलं ते वाटी-चमच्याचं माप. त्या मापाने केलेला पदार्थ नव्या सुनेच्या, परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलाच्या हातून नीट उतरला, आणि तो उतरला हीच त्यांची पात्रता. पुस्तकातली कृती घरी करून तपासता येते. परीक्षकाचा निकाल तसा तपासता येत नाही, कारण ते ताट आपल्यापर्यंत येतच नाही. म्हणून कमलाबाईंना प्रमाणपत्र विचारायची गरज पडली नाही, आणि परीक्षकाला त्याची ओळख विचारावी लागते.

कायदा कुठपर्यंत येतो?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. कार्यक्रमातल्या परीक्षकाने स्वतःची ओळख फुगवून सांगितली, तर त्यासाठी आपल्याकडे खास कायदा नाही. पण तोच परीक्षक एखाद्या तेलाची, मसाल्याची, भांड्याची जाहिरात करू लागला की चित्र बदलतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत सहभागी होणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. काही काळ जाहिराती करायला बंदीही घालता येते. दावा खरा आहे याची आधी योग्य ती खातरजमा केली होती, हे दाखवता आलं तर मात्र तो सुटतो. म्हणजे कायद्याची अपेक्षा एवढीच, की तोंड उघडण्याआधी विचारून घ्या.

आरोग्याचा विषय आला की हे आणखी गंभीर होतं. ‘या पदार्थाने साखर आटोक्यात राहते’ असं परीक्षक सहज बोलून जातो, आणि घरी कुणीतरी गोळी बंद करून तो पदार्थ खायला लागतं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तींसाठी जादा मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रमाणित तज्ज्ञ असाल तर तसं सांगा, नसाल तर हा वैद्यकीय सल्ल्याला पर्याय नाही हे स्पष्ट करा, असा त्याचा गाभा. उत्तम आमटी करता येणं आणि मधुमेह कळणं या दोन वेगळ्या पात्रता आहेत.

आपण काय करायचं?

टीव्हीच्या वाहिन्या आपल्या हातात नाहीत. पण गणेशोत्सवातली मोदक स्पर्धा, महिला मंडळाची पाककला स्पर्धा, सोसायटीचा खाद्यमहोत्सव, हे तर आपल्याच हातात आहे ना? तिथेही ‘सुप्रसिद्ध शेफ’ परीक्षक म्हणून येतात, आणि माइकवर जे सांगितलं जातं ते खपून जातं. तेव्हा परीक्षकाला आमंत्रण देताना पाच गोष्टी विचाराव्यात. शिक्षण कुठे, किती काळाचं? प्रत्यक्ष स्वयंपाकघरात काम कुठे, कुठल्या पदावर, किती वर्षं? सन्मान असेल तर तो कुणी दिला आणि कुठल्या वर्षी? आजच्या स्पर्धेतला पदार्थ तुमच्या हातचा आहे का, म्हणजे तुम्ही उकडीचे मोदक स्वतः करता का? आणि शेवटचं, प्रायोजकाशी किंवा स्पर्धकांपैकी कुणाशी तुमचं नातं, व्यवहार आहे का?

हे विचारल्याने पाहुण्यांचा अपमान होतो असं वाटत असेल, तर तसं नाही. ज्याचं खरं आहे त्याला हे प्रश्न आवडतात, कारण त्याच्या वर्षांची किंमत त्यातूनच कळते. आणि ओळख करून देताना विशेषणं गाळून तीनच वाक्यं बोलावीत. ‘या चाळीस वर्षं घरी मोदक करतात. पदवी नाही. दर चतुर्थीला एकशे एक मोदकांची मागणी पुरी करतात.’ हे ऐकल्यावर मोदकाची कळी फाटली म्हणून त्यांनी दोन मार्क कापले, तर कुणाची तक्रार राहणार नाही.

ताट घेऊन रांगेत उभी असलेली बाई पहाटे चारला उठून आलेली असते. तिच्या ताटाला मार्क कोण देतंय, हे तिला खरं कळावं, एवढी व्यवस्था आपण करू शकतो. पुढच्या गणपतीत करून बघा.